अनवाणी बूट आणि पवनारचा रस्ता

माझे नवे बूट पाहून रूममेट म्हणाली, "मोजे घालूनच निघालीस का?" आजीने तर सरळच विचारलं, "अनवाणीच चालाचं व्हतं, त पैसे काहाले घातले?" दोघींचंही चुकलं नव्हतं. 'बेअरफूट' बूट म्हणजे पातळ, वाकणारा तळ, टाच आणि चवडा एकाच पातळीवर आणि बोटं पसरायला मोकळी जागा. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच साधारण १० मिलिमीटर उंच असते. दहा वर्षं कॉन्व्हेंटच्या काळ्या बुटांत कोंबलेल्या माझ्या पायांना तर ही चैनच वाटली!

फायदा खरा आहे. टाचेखाली गादी असली की आपण बिनधास्त टाच आपटत पळतो. ती काढली की दोन पावलांत शहाणपण येतं, पाऊल छोटं होतं आणि चवडा आधी टेकतो. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी २०१० साली 'नेचर'मध्ये हेच मांडलं, की असं उतरणाऱ्या अनवाणी धावपटूंना सुरुवातीचा झटका कमी बसतो.

मग तोटा कुठे? मित्रांनो, मेकॅनिक्सचा पेपर आठवा. लोड गायब होत नाही, सरकतो. गुडघ्यावरचा कमी झाला, तो पोटरी, टाचेमागची कंडरा आणि चवड्याच्या बारीक हाडांवर आला. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडांना महिने लागतात.

हे मला पवनारच्या रस्त्यावर कळलं. बूट आले त्याच रविवारी मी वर्ध्याहून धाम नदीच्या पुलापर्यंत पळत गेले. जातानाचे ८ किलोमीटर काही वाटले नाहीत. परतताना पोटऱ्यांचा दगड झाला. दुसऱ्या दिवशी मेसच्या पायऱ्या कठडा धरून उलट्या उतरले. तरी हट्टाने दोन आठवडे पळतच राहिले. मग उजव्या चवड्यात एका जागी बोट ठेवलं तरी कळ यायला लागली. डॉक्टर म्हणाले, हाडावर ताण आलाय, सहा आठवडे पळणं बंद. आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा त्याच सहा आठवड्यांत होती. रिलेत माझ्या जागी ज्युनिअर पळाली, आणि मी बाहेर बसून टाळ्या वाजवल्या.

याच पवनारहून विनोबा ८ मार्च १९५१ ला निघाले आणि महिनाभरात सुमारे ५०० किलोमीटर चालून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पोचले. वय ५५! म्हणजे रोजचे साधारण १६ किलोमीटर, मी एका सकाळी केले तेवढेच. पण चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. पळताना मात्र प्रत्येक पावलाला वजनाच्या दुपटीहून जास्त भार एकाच पायावर येतो. म्हणून हे बूट घेतलेच तर आधी नुसतं चाला. काही आठवडे हॉस्टेलचा कॉरिडॉर, मग ग्राउंडवर पाच-दहा मिनिटं पळणं, बाकीचं जुन्याच बुटांत. एका जागी दुखलं की थांबा.

आपल्याकडे बाभळीचे काटे आहेत आणि मे महिन्यातलं डांबर. पातळ तळातून दोन्ही कळतात. स्टाफपैकी ज्यांना मधुमेहामुळे तळव्यांना बधिरपणा आलाय, त्यांना तर तेही कळणार नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या भानगडीत पडू नये. आणि वर्कशॉपमध्ये कुणीच नाही, तिथे जाड बूटच हवेत.

सध्या माझी मजल हॉस्टेल ते मेन गेट, पाच फेऱ्या. पवनारला परवा गेले होते, एस.टी.ने.