पोथीची ठवणी कशी निवडावी?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सप्ताह आणि पारायण कोणत्या गावी होत नाही? शेगावच्या गजानन महाराजांची पोथी तर घरोघरी वाचतात. ती दासगणू महाराजांनी रचली. तिचे २१ अध्याय आहेत. वाचायला बसले म्हणजे बराच वेळ एका जागी मांडी घालून बसावे लागते. आता तुम्हीही वाचायला शिकलात. आज ना उद्या वाचनाची पाळी तुमच्यावर येईल. तेव्हा पोथी कशावर ठेवायची, हे नीट समजून घ्या.

ज्यावर पोथी ठेवतात तिला ठवणी म्हणतात. कोणी व्यासपीठही म्हणतात. मुसलमान बांधव कुराण ठेवतात ती रेहाल. ती उघडली की दोन फळ्यांची फुली होते, मिटली की काखेत मावते. नेण्या-आणण्यास फार सोयीची.

अशीच एक नक्षीदार ठवणी मी एकदा जत्रेतून आणली. नक्षी पाहिली, माप पाहिले नाही. पुढे गावात सप्ताह बसला. देवळातली जुनी, सुट्या पानांची पोथी त्या ठवणीवर ठेवली. वाचायला आमच्या रात्रीच्या वर्गातली एक बाई बसली. चारचौघांत वाचण्याची तिची पहिलीच वेळ. पान दीड वीत रुंद, ठवणी जेमतेम एक वीत. पान मधे खचले, कडा खाली लोंबल्या. ओळीचा शेवट तिला दिसेना. ती अडखळू लागली. मागून कोणी बोलले, "हिले वाचता येत नाही बाप्पा!" इतक्यात वारा आला. वरचे पान उडून समईवर गेले आणि त्याचा कोपरा जळाला. बाई रडत उठली. पुढे वर्षभर तिने पोथीला हात लावला नाही.

दोष कोणाचा? तिचा नव्हे. दोष ठवणीचा, आणि ती न मोजता आणणाऱ्या माझा.

आता पोथी एवढी रुंद का असते, ते पाहू. फार पूर्वी ताडाच्या पानांवर लिहीत. ताडाचे पान लांब आणि अरुंद. ओळी त्याच्या लांबीने लिहीत. पुढे कागद आला, तरी पोथीचा आकार तोच राहिला. छापखाने निघाल्यावरही अनेक पोथ्या तशाच सुट्या, आडव्या पानांच्या छापल्या गेल्या.

पुस्तक शिवलेले असते. फुलीच्या ठवणीत त्याची पाठ बरोबर खाचेत बसते आणि दोन्ही बाजू दोन फळ्यांवर टेकतात. म्हणून शिवलेल्या पुस्तकाला ती ठवणी उत्तम. पण सुट्या पानाला पाठ नसते. त्याला खालून सपाट आधार पाहिजे. हा फरक ध्यानात धरा, म्हणजे अर्धे काम झाले.

ठवणी घेताना चार गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट रुंदीची. बाजाराला जाताना पोथीच्या रुंदीएवढी दोरी कापून न्या. फळी त्या दोरीपेक्षा दोन्हीकडे दोन-दोन बोटे जास्त हवी.

दुसरी गोष्ट उंचीची. सुटे पान वाचून झाले की आपण ते वरच्या बाजूला उलटून ठेवतो. म्हणजे एकाखाली एक अशा दोन पानांची जागा लागते. एका पानापुरती फळी घेतली, तर वाचलेली पाने मांडीवर ठेवावी लागतील.

तिसरी गोष्ट उताराची. चौरंगावर पोथी आडवी पडते. मग वाकून वाचावे लागते आणि मान दुखते. फळीची मागची बाजू चार-पाच बोटे उंच असावी. फार चढ नको, पाने घसरतील. खालच्या कडेला बारीक पट्टी हवी. पण ती इतकी बुटकी असावी, की शेवटची ओळ झाकणार नाही.

चौथी गोष्ट मजबुतीची. ठवणी जमिनीवर मांडा आणि एक कोपरा बोटाने दाबा. डुगडुगली तर घेऊ नका. मग ती मिटून हातात उचला. देवळापर्यंत नेताना हात भरून येत असेल, तर तीही उपयोगाची नाही.

शहरात वाद्य वाजवणारे लोखंडी, घडीचा, तीन पायांचा स्टँड वापरतात. त्यावर ते सुरांचे कागद ठेवतात. तीन-चार कागद शेजारी शेजारी मांडले की त्यांच्याही कडा लोंबतात. मग ते मागे रुंद पुठ्ठा किंवा हलकी फळी लावतात. तुमच्या भजनी मंडळाला पेटीवाल्यासाठी असा स्टँड घ्यायचा असेल, तर आधी खाली बसून पाहा. आपला पेटीवाला जमिनीवर बसतो. स्टँड तेवढा खाली येतो का? वर रुंद वही ठेवल्यावर कलंडतो का? हे पाहूनच पैसे द्या.

घरी फुलीची ठवणी असेल, तर ती टाकू नका. गावच्या सुताराकडून एक पातळ, सपाट फळी करून घ्या. तिच्या मागे दोन पट्ट्या ठोका, म्हणजे फळी ठवणीवरून सरकणार नाही. वर पोथीचे बासन अंथरा. सुती कापडावर पान घसरत नाही. वाऱ्यासाठी सुट्या पानांवर एक स्वच्छ, गुळगुळीत लाकडी पट्टी ठेवा. समई मात्र हातभर लांब ठेवा.

मीही तसेच केले. फळी तयार झाल्यावर त्या बाईच्या घरी गेलो. म्हटले, "ताई, चूक माझी होती. एकदा बसून पाहा." तिने पान मांडले. ते खचले नाही, हलले नाही. पुढच्या सप्ताहात तिने एक अख्खा अध्याय वाचला. कोठे अडखळली नाही. शेवटी म्हणाली, "गुरुजी, अक्षरं तीच होती. फक्त आता मले दिसली."

म्हणून सांगतो. नक्षी मागून पाहा, आधी दोरी लावा.