हाडं खोटं बोलली का?

वाचण्यापूर्वी विचार करा : हजार वर्षांपूर्वी एखाद्या गावात कोण राहून गेलं, हे आज कसं ओळखता येईल?

मुलांनो, इंग्लंडमध्ये अँग्लो-सॅक्सन राजे राज्य करत होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. इ.स. 793 मध्ये समुद्रातून आलेल्या वायकिंगांनी लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला. पुढे 865 मध्ये तर त्यांचं मोठं सैन्यच आलं. 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' ही त्या काळाची बखर आहे. तिच्यात लिहिलंय, की 873 च्या हिवाळ्यात या सैन्याने रेप्टनला तळ ठोकला आणि मर्सियाच्या बर्ग्रेड राजाला देश सोडून जावं लागलं.

पण ही बखर वायकिंगांच्या शत्रूंनी लिहिली होती. एकाच बाजूचं ऐकून निकाल देऊन चालेल का? नाही ना! म्हणून पुरातत्त्वज्ञ जमिनीलाही विचारतात.

जमिनीत काय सापडलं?

रेप्टन हे डर्बीशायरमधलं गाव. मर्सियाच्या काही राजांना इथल्याच चर्चमध्ये पुरलं होतं. 1974 मध्ये मार्टिन बिडल आणि त्यांच्या पत्नी बिर्टे यांनी इथे उत्खनन सुरू केलं. चर्चला लागून एक मोठा खंदक सापडला. जवळच एका योद्ध्याची कबर मिळाली. त्याच्या मांडीच्या हाडावर खोल घाव होता. शेजारी तलवार होती आणि गळ्यात होता चांदीचा छोटासा हातोडा! हातोडा म्हणजे थॉर या देवाची खूण. अँग्लो-सॅक्सन लोक तर ख्रिस्ती होते. मग हा माणूस कोण असेल, ते तुम्हीच ओळखा.

चर्चच्या पश्चिमेला एका टेकाडाखाली त्याहून मोठी गोष्ट मिळाली. तिथे कमीत कमी 264 माणसांची हाडं एकत्र ठेवलेली होती. बहुतेक तरुण आणि प्रौढ पुरुष, पण साधारण पाचवा हिस्सा बायकांचा. सोबत 872 ते 875 या काळातली चांदीची नाणी होती. सगळं बखरीशी जुळत होतं.

मग घोळ झाला!

शास्त्रज्ञांनी हाडांचं वय मोजलं. प्रत्येक सजीवाच्या शरीरात कार्बन-14 असतो. जीव गेला, की तो ठरावीक वेगाने कमी होत जातो. किती उरलाय हे मोजलं, की वय कळतं. पण रेप्टनची काही हाडं वायकिंग येण्याच्याही आधीची निघाली. मग ही माणसं वायकिंग कशी असतील? कितीतरी वर्षं हा प्रश्न तसाच राहिला.

उत्तर सापडलं जेवणाच्या ताटात! समुद्रातला कार्बन जमिनीवरच्या कार्बनपेक्षा जुना असतो. तो माशांच्या शरीरात जातो आणि मासे खाणाऱ्या माणसाच्या हाडांत उतरतो. त्यामुळे अशी हाडं आहेत त्यापेक्षा जुनी वाटतात. म्हणजे घड्याळ बिघडलेलं नव्हतं, ते मुळातच पुढे लावलेलं होतं. कॅट जार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणी किती मासे खाल्ले असतील याचा हिशेब केला आणि तारखा दुरुस्त केल्या. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ही सगळी हाडं नवव्या शतकाच्या अखेरची असू शकतात. त्यातला प्रत्येक जण वायकिंग होता, असं यावरून सिद्ध होत नाही. पण काळ मात्र जुळला.

फक्त लुटारू?

रेप्टनच्या आदल्या हिवाळ्यात हे सैन्य टॉर्कसीला होतं. तिथल्या शेतांत चांदीचे तुकडे, वजनं, खेळातल्या सोंगट्या आणि अरबी दिरहम सापडले. म्हणजे तळावर व्यापार चालायचा आणि फावल्या वेळात डावही रंगायचे.

रेप्टनच्या उत्खननात आणखी एक वस्तू मिळाली : तांबूस कार्नेलियन दगडाचा एक मणी. असा दगड बहुधा गुजरातेतून यायचा. आपल्या शेजारचा मणी हातोहात फिरत इंग्लंडच्या मातीत पोचला! म्हणूनच पुरातत्त्वज्ञ चिमूटभर मातीसुद्धा चाळून बघतात.

शब्दार्थ
बखर – जुन्या काळी लिहिलेला इतिहास
तळ ठोकणे – सैन्याने एका जागी मुक्काम करणे
उत्खनन – जुन्या वस्तू शोधण्यासाठी केलेलं खोदकाम
खंदक – संरक्षणासाठी खणलेला खोल चर
सोंगटी – पटावरच्या खेळातला मोहरा

प्रश्न
1. योद्ध्याच्या गळ्यातल्या हातोड्यावरून काय कळतं?
2. रेप्टनची काही हाडं जास्त जुनी का वाटली? तुमच्या शब्दांत सांगा.
3. नुसती बखर वाचून इतिहास कळेल का? आणि नुसत्या वस्तू पाहून? घरी आजी-आजोबांशी बोला आणि पाच वाक्यं लिहा.