इंजिनाचा ताप

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनाच्या पाण्यावर लेख लिहावा, हे पाहून काही वाचक भुवया उंचावतील. पण मी राहतो उत्तनजवळच्या चौक गावात. आमच्या घरातली बोलणी बोंबलाचा भाव, वारा आणि इंजिन यांच्यापलीकडे सहसा जात नाहीत. त्यांतल्या तिसऱ्या विषयाने दोन वर्षांपूर्वी आम्हाला चांगलाच चटका दिला.

काकांची होडी डोल जाळी ओढून परतत होती. इंजिनाच्या तापमानाचा काटा चढत चढत शंभरापाशी गेला. एक खलाशी फडके घेऊन पाण्याचे झाकण उघडायला धावला, त्याचा हात काकांनी वेळीच धरला. थोड्या वेळाने काटा आपोआप साठावर उतरला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि होडी चालूच ठेवली. पाव तासाने इंजिन बंद पडले ते पडलेच. शेजारच्या होडीने दोर टाकून आम्हाला बंदरात आणले. इंजिनाचे हेड वाकले होते. त्या दुरुस्तीच्या खर्चापायी माझ्या बहिणीचा कॉलेजप्रवेश एक वर्ष लांबला.

काटा उतरला असताना इंजिन जळले कसे? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. डिझेलमधल्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने तिसरा हिस्साच पंखा फिरवण्याच्या कामी येतो. तेवढाच हिस्सा धुरातून जातो आणि उरलेला बहुतेक पाण्याने वाहून न्यायचा असतो. मोटारीत हे पाणी रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्याने थंड होते. होडीला वाऱ्याची गरज नाही, खाली अख्खा समुद्र आहे. पण खारे पाणी थेट इंजिनात फिरवले, तर पंचावन्न-साठ अंशांच्या पुढे त्यातले क्षार आत थर धरू लागतात आणि लोखंडही गंजते. म्हणून आमच्या इंजिनात गोडे पाणी आतल्या आत फिरते, आणि एका कूलरमध्ये नळ्यांच्या भिंतीआडून खारे पाणी त्याची उष्णता काढून घेते.

त्या दिवशी तळाच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी बसली होती. खारे पाणी थांबले, तसे गोडे पाणी उकळले आणि झाकणाच्या स्प्रिंगवाटे बाहेर गेले. काट्याची कांडी पाण्यात बुडालेली असते, ती आता नुसत्या वाफेत लोंबकळत राहिली. तेव्हा काटा खोटे बोलत नव्हता, त्याला मोजायला पाणीच उरले नव्हते.

झाकणाचेही एक गुपित आहे, आणि ते प्रत्येक घरातल्या कुकरला ठाऊक आहे. हवेपेक्षा एक किलोने दाब वाढवला की पाणी शंभरावर न उकळता सुमारे 120 अंशांवर उकळते. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले की दाब एकदम जातो, आतले पाणी तत्क्षणी उकळी फोडते आणि तोंडावर उसळते. काकांनी तो हात धरला नसता, तर हा लेख वेगळा झाला असता.

आता दुसरा रुग्ण. माझा मीरा रोडचा मावसभाऊ एका जुन्या गाडीला टर्बोचार्जर बसवून तिची ताकद वाढवून बसला आहे. ताकद वाढली की पाण्यात येणारी उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात वाढते. रेडिएटर मात्र जुनाच. गाडी तापू लागली तेव्हा दादाने थर्मोस्टॅट काढून फेकला. पाणी मोकळे फिरले की गाडी थंड, असा त्याचा हिशेब. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक डबी असते. ऐंशीच्या आसपास मेण वितळून फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. पुष्कळ इंजिनांत ती वाट उघडताना जवळची आडवाट बंदही होते. थर्मोस्टॅट काढला की आडवाट कायमची उघडी राहते, आणि बरेचसे पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात येते. दादाची गाडी सकाळी लवकर गरम होईना आणि चढावर पूर्वीपेक्षा जास्त तापे. थंड इंजिनही काही निरोगी नसते. ते इंधन जास्त खाते आणि आतून झिजते.

मी त्याला एकच विचारले, "दादा, गाडी तापते कुठे?" काशीमिऱ्याच्या कोंडीत तापत असेल तर वारा कमी पडतो आहे, म्हणजे पंखा बघावा आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी बुजवाव्यात, कारण वारा फटीतूनच पळ काढतो. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल तर रेडिएटर लहान आहे किंवा पाणीच पुरेसे फिरत नाही. दादाची दोन्हीकडे तापत होती! आता मोठा रेडिएटर आला आहे, थर्मोस्टॅट परत बसला आहे आणि निम्मे पाणी, निम्मे कूलंट असे मिश्रण आहे. नुसते कूलंट ओतायचा त्याचा बेत होता, पण ते पाण्याइतकी उष्णता वाहत नाही, हे त्याला पटवताना माझे दोन चहा झाले.

आमच्या होडीवर काकांनी आता पाण्याची पातळी घसरली की वाजणारी घंटा बसवली आहे. तरी बंदी संपून 1 ऑगस्टला होडी निघाली, तेव्हा त्यांनी ना काटा पाहिला, ना घंटा. ते मागे वाकून बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या धारेखाली हात धरून उभे होते.