वैशाखातली फुलं आणि ऐकीव सल्ले

एप्रिल सरत आला की माणसं सावली शोधतात आणि बाल्कनीतल्या कुंड्याही सावलीत सरकवल्या जातात. झाडाला ऊन लागेल, तहान लागेल, ते उपाशी राहील, या काळजीपोटी पाणी वाढतं, खत वाढतं. मग मोगऱ्याला नुसता पाला येतो आणि बोगनवेल हिरवीगार राहते. वैशाखात फुलणाऱ्या बऱ्याच झाडांना ऊन हवं असतं, काहींना तर थोडी उपासमारही मानवते. लाडापायी फुलं कशी हुकतात, हे पुढच्या काही समजुतींवरून दिसेल.

गैरसमज : मोगरा नाजूक असतो. त्याला सावलीत ठेवावं, कात्री लावू नये.

वस्तुस्थिती : मोगऱ्याचं फूल नाजूक असतं, झाड चिवट असतं. त्याला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. कळ्या येतात त्या नव्या फुटीच्या टोकांना. त्यामुळे छाटणी टाळली, तर जुन्या काड्या लांबत जातात आणि फुलं तुरळक येतात. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, विक्रमगड भागातले शेतकरी उघड्या रानात मोगरा लावतात आणि तिथल्या कळ्या दादरच्या फुलबाजारात येतात. घरच्या कुंडीतही हिवाळ्यात पाणी कमी करून छाटणी केली, थंडी ओसरल्यावर शेणखत दिलं, की उन्हाबरोबर नवे फुटवे येतात. पहिला बहर ओसरल्यावर फुलून गेलेले शेंडे खुडले, तर पुन्हा कळ्या धरतात.

गैरसमज : बोगनवेलीला फुलं येत नसतील, तर पाणी आणि खत वाढवावं.

वस्तुस्थिती : इथे उपाय नेमका उलटा आहे. माती वरून चांगली सुकल्यावरच पाणी द्यावं. सतत ओल आणि नत्राचं प्रमाण जास्त असलेलं खत मिळालं, तर वेल पानं आणि लांबलचक फांद्या काढत बसते. रस्त्याच्या दुभाजकात, कुणी फारसं न विचारता, ती रंगाने का लदलेली असते, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

आपण जिला फूल म्हणतो, ती गुलाबी किंवा केशरी ‘पाकळी’ही खरं तर पाकळी नसते. ते रंगीत झालेलं पान असतं, त्याला सहपत्र म्हणतात. अशा तीन सहपत्रांच्या मधोमध ज्या बारीक, पांढरट नळ्या दिसतात, ती खरी फुलं. वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या मोहिमेत फिलिबेर कॉमरसन या वनस्पतितज्ज्ञाने 1767 मध्ये रिओ दि जानेरो इथे तिचे नमुने गोळा केले. पुरुषवेष करून जहाजावर चढलेली झान बारे ही त्याची सहायक होती. नाव मात्र मिळालं ते मोहिमेच्या प्रमुखाचं.

गैरसमज : दुपारी पाणी शिंपडलं, तर थेंब भिंगासारखे काम करतात आणि पानं जळतात.

वस्तुस्थिती : बुडापेस्टच्या ओटव्होश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं. त्यांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. गुळगुळीत पानावर थेंब पसरट बसतो, त्यामुळे किरण एकवटण्याची जागा पानाच्या पृष्ठभागावर येत नाही आणि पान भाजत नाही. ज्या पानांवरची लव थेंबाला उचलून धरते, तिथे मात्र डाग पडू शकतात.

तरीही पाणी सकाळी किंवा संध्याकाळीच घालावं, कारण दुपारी त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं. गच्चीवरच्या पाइपमध्ये उन्हाने तापलेलं पाणी थेट कुंडीत सोडलं, तर मुळांना खराखुरा चटका बसतो. दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी आपोआप ताठ होत असेल, तर त्याला जास्तीच्या पाण्याची गरज नसते. आधी मातीत बोट खुपसून पाहावं.

गैरसमज : मे फ्लॉवरची पानं वाळली म्हणजे झाड मेलं.

वस्तुस्थिती : लाल चेंडूसारखं फुलणारं हे आफ्रिकेतलं कंदवर्गीय झाड हिवाळ्यात जमिनीखाली झोपी जातं. रिकामी दिसणारी कुंडी अनेक घरांत याच काळात ओतून टाकली जाते. ती कोरडी ठेवावी, मेच्या सुमारास दांडा वर येतो. त्याच्यावरचा ‘चेंडू’ एक फूल नसून बारीक फुलांचा गुच्छ असतो, त्यात दोनशेपर्यंत फुलं असू शकतात. फुलोरा संपल्यावर पानं तोडू नयेत, पुढच्या वर्षीचा साठा कंदात तीच भरतात. कंद विषारी असल्याने लहान मुलं आणि पाळीव प्राण्यांपासून तो लांब ठेवावा.

गैरसमज : रातराणी लावली की वासाने साप येतात.

वस्तुस्थिती : या भीतीपोटी अंगणातली कितीतरी रातराणी तोडली गेली असेल. साप पूर्णपणे मांसाहारी आहे, त्याला फुलांचं काहीच काम नसतं. जीभ बाहेर काढून तो हवेतले कण टिपतो आणि टाळूवरच्या जेकबसन इंद्रियाकडे नेतो. हा शोध असतो भक्ष्याचा, जोडीदाराचा. रातराणीचा रात्रीचा सुगंध पतंगांसाठी असतो. दाट झुडपाच्या बुडाशी ओल आणि आडोसा असेल, तिथे बेडूक, पाली, उंदीर जमतात आणि त्यांच्या मागावर साप येऊ शकतो. तसं झुडूप जास्वंदीचं असलं, तरी येऊ शकतो. तेव्हा बुडाकडच्या फांद्या छाटाव्यात, फुटक्या कुंड्या आणि विटांचा ढीग हलवावा, धान्याची सांडलवंड झाडून घ्यावी. रातराणी राहू द्यावी.