वर्कस्पेस आणि सेशन

ई-कोर्ट्स प्रकल्पात देशभरातील जिल्हा न्यायालयांसाठी उबंटू ही लिनक्स प्रणाली निवडली गेली, त्यामुळे नागपुरातही लिनक्सचा डेस्कटॉप ही केवळ संगणकतज्ज्ञांची बाब राहिलेली नाही. खटल्यांची नोंद, निकालपत्राचा मसुदा आणि ब्राउझर एकाच पडद्यावर उघडले की खिडक्यांची दाटी होते. ती टाळण्यासाठी वर्कस्पेस, म्हणजे एकाच मॉनिटरवर आलटून पालटून दिसणारे स्वतंत्र आभासी पडदे, उपयोगी पडतात. आजच्या उबंटूतील ग्नोम डेस्कटॉप गरजेप्रमाणे वर्कस्पेस आपोआप वाढवतो व घटवतो, परंतु ठरावीक कामाला ठरावीक जागा हवी असल्यास सेटिंग्जमधील मल्टिटास्किंग या विभागात त्यांची संख्या निश्चित करता येते, आणि कार्यालयीन कामाला हीच रचना अधिक सोयीची.

सेशन म्हणजे लॉगिन केल्यापासून लॉगआउट करेपर्यंतची बैठक. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवर लॉगआउटच्या वेळी सेशन जतन करण्याचा पर्याय निवडल्यास उघडे असलेले प्रोग्राम पुढच्या लॉगिनला पुन्हा सुरू होतात. मात्र ही सोय प्रत्येक प्रोग्राम पाळतोच असे नाही, शिवाय नको असलेली खिडकी रोज उगवू लागली, तर जतन केलेली सेशन्स पुसून टाकावी लागतात. जतन होते ती खिडक्यांची मांडणी, त्यांतील मजकूर नव्हे. म्हणून लॉगआउट करण्यापूर्वी मसुदा स्वतंत्रपणे सेव्ह करावा.