ढोकीच्या अंगणातली बारमाही फुलं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन निघालेली रेल्वे ढोकीवरूनच पुढे गेली. अशा मुलखात दारात फुलं लावायची म्हणजे पाण्याची चैन, असं अनेकांना वाटतं. पण पहिलं वर्षभर पाणी देऊन मुळं धरली, की कण्हेर, सदाफुली, बोगनवेल थोडक्या पाण्यावर तगतात. रोज पाणी मिळणारी बोगनवेल तर नुसता पाला वाढवते. ताण बसला की रंगाने भरून जाते. डाळिंबाची बाग ताणावर सोडून बहार धरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पावसाळ्यात सदाफुलीने माना टाकल्या की लोक आणखी पाणी ओततात. बहुतेकदा तिची मुळं कुजलेली असतात, कारण काळी माती पाणी धरून ठेवते. मातीत मुरूम आणि शेणखत मिसळून वाफा वीतभर उंच घ्यावा.

जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडली, की हात युरियाकडे जातो. नत्र कमी असेल तर खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि थोडं लिंबू पिळून संध्याकाळी फवारावं. युरियाने फक्त पाला माजतो.

बारमाही झाड म्हणजे रोज फूल, असंही नाही. झाड वर्षानुवर्षं जगतं, फुलं मात्र लाटेसारखी येतात. पूजेच्या फुलांचं झाड छाटायला मन धजत नाही, पण जास्वंदीला कळ्या नव्या फुटीवरच लागतात. छाटणी टाळली, की झाड उंच जातं आणि फुलं कमी होतात.

सगळ्यांत धोक्याचा समज मधुमेहावर सदाफुलीची पानं चावण्याचा. 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी नेमकं हेच तपासलं. पानांच्या अर्काने प्रयोगातल्या उंदरांची साखर उतरली नाही. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्यातूनच 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हाती आलं. डॉक्टर ते तोलूनमापून शिरेतून देतात आणि रक्त तपासत राहतात. रोज पानं चावणाऱ्याच्या पोटात त्यातलं किती जातं, हे कोण मोजणार? सदाफुली दारात जरूर असावी, तोंडात नको.

कण्हेर विषारी म्हणून घराजवळ लावायचीच नाही, हे मला पटत नाही. तिला हात लावल्याने किंवा तिचं फूल देवाला वाहिल्याने विषबाधा होत नाही. विष पोटात गेलं तर बाधतं. लहान मुलांवर लक्ष ठेवावं. काळजी घ्यायची ती छाटलेल्या फांद्यांची. ओला कडू पाला जनावर सहसा टाळतं, पण तोच वाळून कडब्यात मिसळला की खाऊन टाकतं, आणि वाळल्यानेही विष जात नाही. या फांद्या गोठ्यापासून लांब खड्ड्यात पुराव्यात. चुलीत घालू नयेत, त्यांचा धूरही बाधतो.