रोमन दिनारावरील देवपुत्र

संस्कृत ग्रंथांतील ‘दीनार’ हा शब्द ‘देनारिउस’ या लॅटिन नाण्याच्या नावावरून आला. आपल्याकडे तो पुढे सोन्याच्या नाण्यास लागला. रोममध्ये मात्र देनारिउस चांदीचाच. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या निधींत या नाण्याचे दोन प्रकार विशेष बहुसंख्य आहेत. त्यांवरील चित्रे काय सांगतात, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

पहिले नाणे ऑगस्टसचे. ते इ. स. पू. २ पासून लुग्दुनुम (आजचे फ्रान्समधील लिआँ) येथील टांकसाळीत पाडले जाऊ लागले. पुरोभागी पर्णमुकुटधारी मस्तक. पृष्ठभागी ढाल-भाल्यांसह उभे असलेले गाइउस व लुकिउस, सम्राटाचे दत्तक घेतलेले नातू. त्यांच्या वरच्या बाजूस दोन लहान वस्तू दिसतात : यज्ञात मद्य अर्पिण्याची पळी आणि शकुन पाहणाऱ्या पुरोहिताचा वक्र दंड. राज्याचे वारस हे धर्मपदांचेही धनी आहेत, हे त्यांतून सुचविले आहे. लुकिउस इ. स. २ मध्ये व गाइउस इ. स. ४ मध्ये निवर्तला. वारसाहक्काची ती योजना नाण्यापुरतीच उरली.

पुरोभागावरील लेखात ऑगस्टस स्वतःस ‘दिवि फिलिउस’ म्हणवितो. इ. स. पू. ४२ मध्ये रोमच्या सिनेटने मृत ज्यूलिअस सीझरला देवपद दिले व त्याचा दत्तकपुत्र अर्थातच देवपुत्र ठरला. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. ‘देउस’ म्हणजे देव; ‘दिवुस’ म्हणजे सामान्यतः मरणोत्तर देवपद पावलेला मनुष्य. कुषाण राजांचे ‘देवपुत्र’ हे बिरुद वाचकांना स्मरेल; पण केवळ शब्दसाम्यावरून उसनवारी मानणे आम्हास उचित वाटत नाही.

दुसरे नाणे टायबेरिअसचे (इ. स. १४ ते ३७). तोही ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’. मागे राजदंड व डहाळी घेतलेली आसनस्थ स्त्री आहे. तिला शांतिदेवता मानतात, कोणी सम्राटमाता लिविया म्हणतात. भोवती ‘महापुरोहित’ ही पदवी. ती स्त्रीची नव्हे, सम्राटाची.

ही भाषा रोमन प्रजेसाठी होती. समुद्रापलीकडे ती कशी वाचली गेली? प्लिनी एक हकीकत देतो. क्लॉडिअसच्या काळात एका रोमन करवसुलीदाराचा मुक्त दास वादळाने भरकटत सिंहलद्वीपास लागला. त्याच्याजवळील देनारिउस तेथील राजाने पाहिले. मस्तके निरनिराळ्या सम्राटांची, वजन मात्र एकच. याचेच राजास नवल वाटले व रोमनांच्या प्रामाणिकपणाविषयी त्याचा आदर वाढला. कथा रोमन लेखकाची असल्याने तीत आत्मस्तुती आहेच. तरी देवपुत्राचा उल्लेख नसून वजनाचा आहे, हे आम्हास महत्त्वाचे वाटते.

इ. स. ६४ मध्ये नीरोने एका रोमन पौंडात ८४ ऐवजी ९६ देनारिउस पाडण्यास आरंभ केला. वजन सुमारे ३.९ ग्रॅमवरून ३.४ वर आले, चांदीचा कसही उतरला. सम्राटाचे मस्तक पूर्वीसारखेच राहिले. त्यानंतरचे देनारिउस भारतातील निधींत क्वचितच आढळतात.